जहाजावरची व्याख्याने

एडवर्ड हॅरिमन हे अमेरिकेतील रेल्वेव्यवसायातले बडे प्रस्थ. 1899 साली त्यांची प्रकृती कामाच्या ताणाने थकली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दीर्घ विश्रांतीचा सल्ला दिला. आपल्याकडील एखादा धनिक अशा वेळी माथेरानला जाऊन बसला असता. हॅरिमन यांनी ‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ नावाची आगबोट सज्ज करवून घेतली, कुटुंबीयांना बरोबर घेतले आणि इतर जागा शास्त्रज्ञांनी भरून टाकल्या. भूशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, पक्षितज्ज्ञ, चित्रकार, छायाचित्रकार अशी ती मंडळी 31 मे रोजी सिॲटलहून निघाली, अलास्काच्या किनाऱ्याने दोन महिने हिंडली आणि 30 जुलैला परतली. दिवसा किनाऱ्यावर उतरून निरीक्षणे करायची आणि संध्याकाळी बोटीच्या दिवाणखान्यात कोणीतरी व्याख्यान द्यायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांतील दोन नामवंत निसर्गलेखक, जॉन म्यूर आणि जॉन बरोज, दोघेही साठी ओलांडलेले होते. बरोज यांना तर बोट लागत असे, तरीही ते गेले.

वाचकहो, ही हकिकत मी मुद्दाम सांगते आहे. ‘विश्रांती’ हा शब्द आपण वृद्धांच्या बाबतीत फार सैलपणे वापरतो. विश्रांती म्हणजे पलंग, उशी, दूरदर्शन संच आणि ‘आता कशाला दगदग’ हे वाक्य. हॅरिमन यांनी विश्रांतीचा जो अर्थ लावला, त्याचे एक छोटे, सामान्य माणसाला परवडेल न परवडेल असे रूप आज उपलब्ध आहे. प्रेक्षणीय स्थळे पाहता पाहता त्या स्थळांविषयी जाणकारांकडून ऐकायचे, अशा सागरी सहली जगात अनेक ठिकाणी निघतात. 10 जुलै 1972 चे खग्रास सूर्यग्रहण समुद्रावरून पाहण्यासाठी ‘ऑलिंपिया’ हे जहाज हौशी आकाशनिरीक्षकांना घेऊन अटलांटिकमध्ये गेले होते. गालापागोस बेटांवरील राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक भागांत अधिकृत निसर्ग-मार्गदर्शकावाचून पर्यटकांना फिरता येत नाही. मी मात्र ज्या एका सहलीविषयी खात्रीने बोलू शकते ती अलास्काची, कारण तिथे आम्ही दोघे जाऊन आलो.

आमचे दोघांचे थोडेसे सांगणे भाग आहे, एरवी पुढचे समजणार नाही. यांना सहा वर्षांपासून कंपवात आहे, ज्याला डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. वय सत्त्याहत्तर. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, भीमेच्या खोऱ्यात, धरणे, कालवे आणि गाळ यांच्या हिशेबात गेली. कंपवात म्हटले की लोकांना थरथरणारा हात आठवतो. यांचा हात फारसा थरथरत नाही. पावले आखडतात आणि आवाज खोल गेला आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ठाऊक असेल, आवाज लहान झाला की माणूस हळूहळू बोलणेच सोडतो. समोरचा ‘काय म्हणालात?’ असे दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा आपल्या पत्नीकडे पाहतो. मग उत्तर पत्नी देते. असे करता करता आमच्या घरात यांच्या वतीने मीच बोलू लागले होते. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी, नातवंडांशीसुद्धा. ते मला सोयीचे वाटत होते, हे मी नाकारत नाही. पण यांच्या चेहऱ्यावरचे कुतूहल त्याबरोबर मावळत होते, आणि ते मला रोज दिसत होते.

मुलगा सिॲटलजवळ राहतो. तेथून मे ते सप्टेंबरपर्यंत अलास्काकडे सात दिवसांच्या फेऱ्या करणारी जहाजे सुटतात, आणि अमेरिकेत मुलांकडे जाणारे अनेक मराठी आईवडील आता ती फेरी करून येतात. मुलगा साशंक होता. ‘बाबांना झेपेल का?’ हा त्याचा प्रश्न रास्तच होता. सूनबाईने मात्र कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली: जहाजावर निसर्गतज्ज्ञाची व्याख्याने, आणि एक पूर्ण दिवस ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात, जिथे उद्यानाचे रेंजर स्वतः जहाजावर येऊन समजावून सांगतात. ती म्हणाली, “बाबांना गाळ बघायला आवडेल.” आम्ही सगळे हसलो, पण हे हसले नाहीत. यांनी विचारले, “हिमनदीचा गाळ?”

त्या प्रश्नावर आमचे जाणे ठरले.

इथे एक सावधगिरीची सूचना देते. जहाजावर ‘व्याख्यान’ या नावाखाली जे जे चालते ते सगळे ज्ञानदान नसते. पुढच्या बंदरात काय पाहावे, असे शीर्षक असलेले एक भाषण आम्ही ऐकले. त्यातील पाऊण वेळ कोणत्या दुकानात हिरे आणि नीलमणी स्वस्त मिळतात यावर खर्च झाला. तेव्हा आरक्षण करण्यापूर्वी आपण विचारावे: व्याख्याता कोण, त्याचा विषय काय, किती व्याख्याने, आणि ती केबिनमधल्या दूरदर्शनवर पुन्हा दाखवली जातात का? शेवटचा प्रश्न आपल्या वयाच्या माणसांसाठी फार महत्त्वाचा आहे. ज्या सकाळी अंग साथ देत नाही, त्या सकाळचे व्याख्यान दुपारी अंथरुणावर पडून ऐकता येते. आम्ही दोनदा तसे ऐकले.

आता त्या दिवसाकडे येते. ग्लेशियर बे म्हणजे अलास्काच्या आग्नेय टोकाकडे असलेला, आत खोलवर शिरलेला एक समुद्रफाटा. त्याच्या मुखाशी सकाळी एक लहान बोट आमच्या जहाजाला येऊन भिडली आणि हिरव्या-करड्या गणवेशातले रेंजर दोरशिडीने जहाजावर चढले. त्यांच्याबरोबर तेथील मूळ रहिवासी असलेल्या ट्लिंगिट समाजाच्या एक बाईही होत्या. दिवसभर त्यांचा आवाज ध्वनिवर्धकावरून साऱ्या जहाजभर ऐकू येत होता आणि मधल्या वेळेत प्रेक्षागृहात चित्रांसह व्याख्यान होते.

वाचकहो, या फाट्याची कहाणी अशी आहे. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतील लोक इथे आले, तेव्हा फाटा जवळजवळ नव्हताच. मुखाशीच बर्फाची प्रचंड भिंत उभी होती. 1879 मध्ये जॉन म्यूर आले तोवर ती भिंत कितीतरी आत सरकली होती आणि तिच्या जागी समुद्र आला होता. 1916 पर्यंत मुख्य हिमनदी मुखापासून सुमारे 105 किलोमीटर मागे गेली. सव्वाशे वर्षांत पुण्याहून साताऱ्याएवढे अंतर बर्फाने सोडून दिले, असे समजा. त्याआधी उलट घडले होते. या जागी दरी होती, नदी होती, ट्लिंगिट लोकांची गावे होती; आणि अठराव्या शतकात पुढे येणाऱ्या हिमनदीने त्यांना तेथून घालवून दिले. त्या बाईंनी सांगितले की कुत्रा धावेल इतक्या वेगाने बर्फ आले, अशी स्मृती त्यांच्या कथांमध्ये आहे. आता उद्यानात, मुखाशीच, त्यांच्या पूर्वजांच्या नावाने एक लाकडी सामुदायिक घर 2016 मध्ये उभे राहिले आहे. आपल्या गावाविषयी बोलताना त्यांचा स्वर कुठेही कातर झाला नाही. धरणात गेलेल्या गावांची माणसे यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. हे त्या बोलण्याकडे फार लक्ष देऊन ऐकत होते.

जहाज आत शिरू लागले की आणखी एक गोष्ट दिसू लागते, आणि ती समजावून सांगणारा कोणी नसेल तर दिसूनही दिसत नाही. मुखाशी स्प्रूस आणि हेमलॉक यांचे दाट, काळोखे अरण्य. पुढे झाडे लहान होत जातात. मग अल्डरची झुडपे. त्यापुढे जमिनीला चिकटून वाढणाऱ्या ड्रायस नावाच्या वनस्पतीचे गालिचे, मग नुसते शेवाळ, आणि अखेरीस उघडा खडक. कारण साधे आहे. मुखाजवळची जमीन बर्फातून दोनशे वर्षांपूर्वी मोकळी झाली, आतली परवा-परवा. ड्रायस आणि अल्डर यांच्या मुळांपाशी हवेतला नायट्रोजन धरणारे सूक्ष्मजीव असतात. ते निकस खडीत खत तयार करतात, आणि त्यावर मागून स्प्रूस येतो. म्हणजे ही झुडपे दुसऱ्यांसाठी जमीन तयार करून स्वतः त्यांच्या सावलीत संपतात. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1916 मध्ये इथे जमिनीचे छोटे चौकोन आखून त्यांत काय काय उगवते याची नोंद सुरू केली. त्याच्या आग्रहाचा हा प्रदेश संरक्षित होण्यात मोठा वाटा होता. 1925 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कूपरचे चौकोन आजही पुन्हा पुन्हा मोजले जातात.

बर्फाचे ओझे उतरल्यामुळे इथली जमीनही वर येत आहे, वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर. दाबलेल्या गादीवरून माणूस उठला की ती हळूहळू फुगते, तसे.

दुपारच्या आधी आम्ही मार्जरी हिमनदीपुढे पोहोचलो. सुमारे दीड किलोमीटर रुंद, पाण्यावर पाऊणशे मीटर उंच आणि पाण्याखाली आणखी तीस मीटर. जहाज तिच्यासमोर तासभर थांबते आणि सावकाश स्वतःभोवती वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसते. हे आधी माहीत असेल तर कठड्याकडे धावण्याचे कारण उरत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर, काचेच्या आत, खुर्चीवर बसून पाहिले. बर्फाच्या भेगांमधून निळाई दिसत होती. साध्या बर्फात हवेचे बुडबुडे असतात म्हणून ते पांढरे दिसते. हिमनदीच्या तळाशी शेकडो फुटांच्या भाराखाली ते बुडबुडे पिळून निघतात, आणि दाट झालेले बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळून निळा तेवढा परत देते. मधूनच एखादा सुळका सुटून पाण्यात कोसळत होता. आवाज मागाहून यायचा, ढगांच्या गडगडाटासारखा. ट्लिंगिट लोक त्याला ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात.

पाणी मात्र निळे नव्हते. ताकासारखे, धुरकट पांढरे होते. हिमनदी खडक दळते, त्याचे पीठ पाण्यात तरंगते. हे त्या पाण्याकडेच पाहत बसले होते. बर्फाकडे साऱ्यांचे कॅमेरे आणि यांचे डोळे खाली.

दुपारी प्रेक्षागृहात व्याख्यानाच्या अखेरीस रेंजरने प्रश्न विचारायला सांगितले. आम्ही पहिल्या रांगेत कडेच्या खुर्च्यांवर बसलो होतो. यांचा हात वर झाला. माझ्या तोंडून सवयीने ‘काय विचारायचंय? मी विचारते’ हे शब्द निघणार होते. तेवढ्यात ती रेंजर मुलगी पायऱ्या उतरून आमच्यासमोर आली, गुडघ्यावर बसली आणि तिने ध्वनिक्षेपक यांच्या ओठांपाशी धरला. “सावकाश,” एवढेच ती म्हणाली. यांनी इंग्रजीत, थांबत थांबत विचारले की हा सगळा गाळ हिमनदीच्या तोंडाशी साचून तिलाच बांध घालतो का, आणि तसे असेल तर तो बांध सुटल्यावर काय होते?

तिने प्रश्न सर्वांसाठी पुन्हा सांगितला आणि म्हणाली की आज विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. असे ते प्रत्येकालाच म्हणत असतील. पण पुढचे उत्तर दहा मिनिटे चालले. समुद्राला मिळणारी हिमनदी खडी आणि गाळ पुढे ढकलत आपल्या तोंडाशी पाण्याखाली एक बांध रचते. त्या बांधामुळे तिच्या पायाशी पाणी उथळ राहते आणि बर्फाचे तुकडे कमी सुटतात. तोवर ती टिकते, पुढेही सरकते. पण हवामान किंचित उबदार झाले आणि ती त्या बांधावरून मागे घसरली, की तिचे तोंड एकदम खोल पाण्यात येते. मग तुकडे सुटण्याचा वेग इतका वाढतो, की मागे उथळ जागा मिळेपर्यंत ती थांबतच नाही. या फाट्यातून बर्फ इतक्या झपाट्याने गेले त्याचे एक मोठे कारण हे. म्हणूनच, ती म्हणाली, इथल्या जुन्या माघारीचा सगळा दोष आजच्या तापमानवाढीवर टाकता येत नाही, आणि आज अलास्कातील बहुतेक हिमनद्या वितळत आहेत त्याचे खापर नुसत्या या जुन्या चक्रावर फोडता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक अनोळखी वृद्ध गृहस्थ यांना शोधत आले. ते कॅनडातील निवृत्त पूल-अभियंता होते. दोघे तासभर बोलत बसले. मी तोपर्यंत शेजारी माझे सूप प्यायले आणि कोणाच्याही वतीने काही बोलले नाही.

आदल्या दिवशीचे व्याख्यान देवमाशांवर होते. कुबड्या देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात पिल्ले देतात आणि उन्हाळ्यात जेवायला अलास्कात येतात, म्हणजे एका बाजूचा प्रवास साधारण 4800 किलोमीटरचा. प्रत्येकाच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरचे काळे-पांढरे ठसे वेगळे असतात, त्यावरून त्यांची ओळख नोंदवली जाते. यातील ‘स्नो’ नावाची, 68 क्रमांकाची मादी 1975 पासून अभ्यासकांच्या ओळखीची होती. जुलै 2001 मध्ये याच फाट्याच्या मुखाशी एका प्रवासी जहाजाची धडक बसून ती मेली. ती गाभण होती. तिचा सुमारे चौदा मीटर लांबीचा सांगाडा 2014 पासून उद्यानाच्या मुख्य ठाण्याजवळ उभा आहे. ही हकिकत आम्ही एका प्रवासी जहाजाच्या प्रेक्षागृहात ऐकत होतो, त्यामुळे सभागृहात विलक्षण शांतता झाली. आता दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना त्या फाट्यात प्रवेश मिळतो आणि देवमासे असतील तिथे वेगावर मर्यादा घातली जाते. पण वितळणारे बर्फ पाहण्यासाठी इंधन जाळत जाणे यातील विसंगती त्या नियमांनी मिटत नाही, आणि मीही ती इथे मिटवू पाहत नाही. आपणास जाणे पटले नाही, तर त्या निर्णयाचा मी आदरच करीन.

आता जाणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः ज्यांच्या हाती दुसऱ्याची काळजी आहे त्यांच्यासाठी, काही गोष्टी.

सर्वांत आधी औषधांविषयी, कारण इथे आमच्यावर प्रसंग आला. सिॲटलहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी जहाज उघड्या महासागरातून जाते. लाटा उठल्या आणि यांना मळमळू लागले. जहाजावरील दवाखान्यात उलटीसाठी इंजेक्शन देण्याची तयारी झाली. आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निघताना एक कार्ड लिहून दिले होते. मी ते पुढे केले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: मेटोक्लोप्रमाइड नको, प्रोक्लोरपेराझिन नको. ही दोन्ही औषधे उलटीवर सर्रास दिली जातात. दुसरे तर चक्कर येते म्हणून आपल्याकडे घरोघरी असते. पण ती मेंदूतील डोपामिनचे काम अडवतात आणि कंपवाताच्या रुग्णाची हालचाल एकाएकी बिघडवू शकतात. परिचारिकेने कार्ड वाचले, डॉक्टरांना दाखवले, आणि दुसरे औषध दिले गेले. असे कार्ड इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह, आपल्या खिशात असू द्या; सामानाच्या पेटीत नव्हे. कंपवात नसलेल्यांनीही लक्षात ठेवावे की बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो. काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या चालत नाहीत. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच गोळी निवडावी. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घेतल्यास हेलकावे सर्वांत कमी जाणवतात, आणि ती स्वस्तही असते.

लेव्होडोपा घेणाऱ्यांनी वेळा सांभाळाव्यात. अलास्काचे घड्याळ सिॲटलपेक्षा एक तास मागे असते. जहाजावर ते एका रात्री बदलते. मी माझे मनगटी घड्याळ बदललेच नाही आणि गोळ्या त्याच घड्याळाने दिल्या. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडावर विसंबले तर झोप आणि औषध दोन्ही चुकतात. जेवणातील प्रथिने या औषधाच्या शोषणात आड येतात. म्हणून न्याहारीच्या त्या अफाट मांडणीतील अंडी आणि मासे यांच्यापूर्वी अर्धा-पाऊण तास गोळी. व्याख्यान दहाला असे. सातची गोळी तोवर चांगली चालत असे, आणि यांचा दिवसातला सर्वांत मोकळा काळ नेमका त्या प्रेक्षागृहात येत असे.

केबिनच्या न्हाणीघराला उंच उंबरा असतो. कंपवाताच्या रुग्णाची पावले उंबऱ्यापाशीच गोठतात. मी घरून रंगीत चिकटपट्टी नेली होती. उंबऱ्याअलीकडे जमिनीवर तिच्या दोन आडव्या रेघा चिकटवल्या, आणि हे त्या रेघा ओलांडायच्या म्हणून पाऊल उचलत. डोळ्यांना खूण मिळाली की पाय सुटतात, हे भौतिकोपचारतज्ज्ञांनी शिकवले होते. चाकांची खुर्ची चालता येत असले तरी आधीच मागून ठेवावी. डेक ओला असतो. हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर दाराशी ठेवलेले मद्यार्काचे द्रव पुरेसे पडत नाही.

विम्याचा कागद स्वतः वाचा. ‘आधीपासून असलेले आजार’ या कलमाखाली काय वगळले आहे, आणि जहाजावरून रुग्णाला हलवावे लागल्यास खर्च कोण करणार, हे दोन मुद्दे पाहाच. आणखी एक बारकावा अनेकांना ऐन वेळी अडवतो. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचे असेल तर मध्ये परक्या देशाच्या बंदरात थांबावे लागते, असा तेथील 1886 चा कायदा आहे. म्हणून ही जहाजे कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पारपत्र असलेल्यांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेश देणारा असावा लागतो. तुम्ही व्हिक्टोरियाला उतरणार नसलात तरी.

कोणी जाऊ नये? नव्या जागी रात्री गोंधळून जाणारा, दार उघडून बाहेर पडणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर अशी सहल त्याला आणि सांभाळणाऱ्याला, दोघांनाही शिक्षा ठरेल. नुकतीच हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांच्या लेखी संमतीवाचून जाऊ नये. आणि केवळ मुले म्हणतात म्हणूनही कोणी जाऊ नये. माझ्या आईच्या पिढीला 1947 च्या ‘रामदास’ बोटीच्या दुर्घटनेनंतर समुद्राचे नावच नको होते. मनात भय असताना केवळ समजावणीने कोणी डेकवर आनंदाने बसत नाही.

सांभाळणाऱ्यांना एक गोष्ट हळूच सांगते. व्याख्यानाच्या त्या तासात मी कोणाची शुश्रूषा करीत नव्हते. गोळ्या, पाणी, उंबरा, सदऱ्याची बटणे यांपैकी काहीही माझ्या डोक्यात नव्हते. आम्ही दोघे शेजारी बसून, एकाच वेळी, एकच नवी गोष्ट ऐकत होतो. असे आमच्या आयुष्यात यापूर्वी कधी घडले होते ते मला आठवेना.

परतल्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने यांना बोलायला बोलावले. यांनी महिनाभर टिपणे काढली, फाट्याचा नकाशा हाताने काढला; रेघ वाकडी गेली की पुन्हा काढला. संघाच्या खोलीत ध्वनिक्षेपक मी एका उंच काठीला बांधून यांच्या ओठांपाशी आणून ठेवला. हे वीस मिनिटे बोलले. मग आवाज गेला, तेव्हा उरलेली दोन पाने मी वाचली, आणि वाचताना एका ठिकाणी मी ‘गाळ’ऐवजी ‘माती’ म्हणाले तर यांनी हात वर करून मला थांबवले आणि दुरुस्ती केली. मग प्रश्नोत्तरे झाली. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला: तिथे आपल्यासारखा उकळलेला चहा मिळतो का? उत्तर यांनी स्वतः दिले. मिळत नाही, कपात गरम पाणी देतात आणि दोऱ्याला बांधलेली पुडी.